चरबीच्या बाटलीला हळद

दसऱ्याला मी चरबीच्या बाटलीला हळद लावली.

कुंकूही लावलं, वर झेंडूची पाकळी चिकटवली. पण कुंकवानं आणि झेंडूनं काही केलं नाही. जे केलं ते हळदीनं, आणि हळदीच्या आडून एका माणसानं. त्या माणसाचं पुढं येईलच. आधी माझं.

आमची प्रयोगशाळा पावण्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली लेथचं वर्कशॉप. त्यांनी जाड लोखंड कापायला घेतलं की आमच्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं, आणि आम्ही वर जी वस्तू बघत होतो ती केसाहून हजारो पटींनी पातळ. म्हणून खालची माणसं जेवायला बसली की आमचं मोजमाप सुरू, आणि त्यांची मशीन पुन्हा चालू झाली की आमचे डबे उघडणार. आठ वर्षं आम्ही दोघं लेथच्या वेळापत्रकावर जगलो.

दोघं म्हणजे मी आणि माझा दोस्त. तो ऐरोलीचा, मी कोपरखैरण्याचा. शेजारी शेजारी दोन स्टुलं, मध्ये एक मायक्रोस्कोप. त्याच्या डब्यातलं सुकटीचं कालवण माझं, माझ्या डब्यातला साताऱ्याचा घेवडा त्याचा, हा करार पहिल्याच आठवड्यात झाला होता आणि दोन्ही घरच्या बायकांना तो ठाऊक होता. माझी बायको तर त्याच्या अंदाजानंच घेवड्यात तिखट घालायची.

कामाचं सांगतो, नाहीतर पुढचा माझा गाढवपणा तुम्हाला नीट कळणार नाही, आणि तो नीट कळावा अशी माझी इच्छा आहे.

पेशीच्या भोवती पडदा असतो. चरबीचे कण दोन थरांत उभे, डोकी बाहेर पाण्याकडं, शेपट्या आत एकमेकांकडं. हा पडदा म्हणजे ताणून बसवलेलं कापड नव्हे, तो तेलासारखा वाहता असतो. त्याच्यात प्रथिनं असतात. काही आरामात सरकत फिरतात, काही रुतून बसतात, काही एकमेकांना गाठून घोळका करतात. आमच्याकडं त्या वर्षी एक पेप्टाइड आलं होतं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच आखूड तुकडा. हा तुकडा एका बेडकाच्या कातडीतल्या तुकड्याची नक्कल होता. जंतूच्या पडद्यात शिरायचं, सरकत सरकत आपल्यासारख्या चार-सहा जणांना गाठायचं आणि सगळ्यांनी मिळून भोक पाडायचं, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. ज्यांनी ते आमच्याकडं पाठवलं त्यांचा प्रश्न एवढाच होता: हे पडद्यात सरकतं, की पडलं तिथंच बसतं? बसत असेल तर घोळका नाही, घोळका नाही तर भोक नाही, आणि भोक नाही तर औषध नाही.

हे बघायची रीत सोपी आहे. अंड्याच्या बलकातून काढलेली शुद्ध चरबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून ठेवलेली असते. ती फ्लास्कमध्ये घ्यायची, क्लोरोफॉर्म उडवून लावायचा, पाणी घालून हलवायचं, आणि जे बुडबुडे होतील ते स्वच्छ काचेवर सोडायचे. ते फुटून काचेवर पडदा पसरतो. मग हिरवी चमक जोडलेलं पेप्टाइड त्यात सोडायचं आणि लेझरनं एका छोट्या गोलातली चमक जाळून टाकायची. हिरव्या शेतात काळं खळं पडल्यासारखं दिसतं. आता बघत बसायचं. आजूबाजूची चमक सरकत येऊन खळं भरलं, तर पेप्टाइड सरकतं. खळं काळंच राहिलं, तर बसलं.

दसऱ्याच्या आधी दीड महिना माझं खळं काळंच राहत होतं.

आणि नेमकं त्याच दिवसांत मॅडमनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडम आमच्या प्रमुख. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की पेनाचं टोपण बंद करायच्या. त्या म्हणाल्या, "पडद्याच्या कामाला इथं एकच माणूस ठेवायचा असं वरून आलंय. दुसऱ्याला तळोज्याच्या प्लँटवर जावं लागेल, टेस्टिंगला. ज्यांनी हे पेप्टाइड पाठवलंय ते पाहुणे काम बघायला येतील, त्यानंतर ठरवू." टोपण बंद.

तळोज्याचं टेस्टिंग म्हणजे ड्रमचं बूच उघडायचं, नमुना काढायचा, पास की नापास ते लिहायचं, पुढचा ड्रम. काम वाईट नाही. पण मी आठ वर्षं अंधाऱ्या खोलीत हिरवी शेतं बघितलेला माणूस. माझ्या बापानं मार्केटात पाठीवर पोती वाहून मला शिकवलं, आणि मी काय करतो हे तो लोकांना सांगायचा तेव्हा म्हणायचा, "जे डोळ्यांना दिसत नाय, ते आमचा पोरगा बघतो." मला ते बघणं सोडायचं नव्हतं. एवढंच पणाला लागलेलं होतं, आणि ते दोघांचंही होतं.

केबिनमधून बाहेर आल्यावर दोस्त म्हणाला, "भावा, जो राहील तो राहील. आपल्यात काही नको."

"आपल्यात काय असणार?" मी म्हणालो. आणि घेवड्याचा डबा त्याच्याकडं सरकवला.

मग दसरा आला. आमच्या पट्ट्यात दसऱ्याला लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. बाप ज्या लोखंडी हुकानं पोती ओढायचा त्या हुकाला दर दसऱ्याला हळदकुंकू लावायचा. म्हणून प्रयोगशाळेतही पूजेचं ताट माझ्याकडंच असायचं. मायक्रोस्कोपला हार. लेझरच्या खोक्याला हळदकुंकू. फ्रिजला हळदकुंकू. आणि त्या वर्षी, दीड महिन्याच्या काळ्या खळ्यानंतर, मला वाटलं की अडलंय ते यंत्रात नाही, चरबीत अडलंय. फ्रिजमधून तपकिरी काचेची बाटली काढली. आतली चरबी काढायला टोपण सैल केलेलंच होतं. त्याच हातानं बाटलीच्या गळ्याला भरघोस हळद लावली. भरघोस म्हणजे नवरदेवाला लावतात तशी. हात जोडले आणि म्हणालो, "बाई, आता तरी चाल."

दोस्त शेजारी उभा होता. तो हसला. म्हणाला, "बाटलीला नारळ पण फोड."

दोन दिवसांनी माझं खळं भरलं.

मी स्टुलावरून उठलोच. काळा गोल डोळ्यांदेखत करडा झाला, मग हिरवट, मग हिरवा. ग्राफ काय चढला! पुन्हा केलं, पुन्हा भरलं. काच बदलली, पुन्हा भरलं. चमक आधीपेक्षा जास्तच वाटत होती, तर तीही मी पेप्टाइडच्या खात्यावर टाकली: आता ते पडद्यात नीट मुरतंय, म्हणून जास्त चमकतंय. माणसाला हवं ते दिसायला लागलं की कारणं स्वतःच्या पायानं चालत येतात.

आता जाणकार वाचक विचारेल, "अहो, पेप्टाइड न घालता नुसता पडदा बघितला का?" तेच तर. तो बघायचाच असतो. रोज. तो आमच्या कामाचा पहिला नियम. मी तो बघितला होता, दसऱ्याच्या आधी. काळाकुट्ट होता. मग रोज रोज रिकामा पडदा काय बघायचा? रोज घराबाहेर पडताना आपण आपलं घर आहे का बघतो का?

मला सावध करणारी पहिली व्यक्ती म्हणजे आमची मावशी. काचेची भांडी धुवायला यायची, खाडीकाठच्या गावची. तिच्या सासऱ्याची होडी होती, मिठागरातही तिनं काम केलेलं. मोरीतून तिनं हाक मारली, "ओ सर, या गोल बाटलीला हलद कशी लागली?"

"हळद नाही मावशी, अंड्याची चरबी. ती पिवळटच असते."

"अंड्याचा पिवला साबनानं लाल व्हतो?"

तिनं फ्लास्क उजेडात धरला. तळाला तांबूस कडं होतं. कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं की हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. मलाही ठाऊक होतं, लग्नातला माझा सदरा अजून साक्षीला आहे. पण त्या दिवशी मी शास्त्रज्ञ होतो. मी तिला स्टुलावर बसवलं आणि चरबी जुनी झाली की तिच्यात काय काय बदल होतात, हे समजावलं. मग पडदा समजावला. मग पेप्टाइडचं सरकणं समजावलं. तिनं हात पुसत ऐकून घेतलं.

"म्हंजे होरीसारखा," ती म्हणाली. "नांगर टाकलेली होरी भरतीला हलतं, पन जागा सोडत नाय. सुटलेली कुठं पन जातं."

"बरोबर! आमची होडी सुटली, मावशी!"

"हलद हाय ती," ती म्हणाली आणि मोरीत गेली.

मी हसलो. दोस्तालाही सांगितलं हसत हसत, मावशी काय म्हणते ते. तो नाही हसला. "बघू फ्लास्क," म्हणाला. मी म्हटलं, "धुतला तिनं." तो "हं" म्हणाला आणि कामाला लागला. हे मला त्या वेळी लक्षात राहिलं नाही. नंतर राहिलं. नंतर सगळंच लक्षात राहिलं.

आमच्याकडं एक पद्धत आहे. प्रत्येकाची नोंदवही असते. दिवसाचं काम पानावर लिहायचं, आणि पानाच्या तळाला छापलेलं असतं: वाचले व समजले. तिथं शेजाऱ्यानं सही करायची. म्हणजे उद्या कुणी म्हणालं हे खोटं आहे, तर एक साक्षीदार असतो. संध्याकाळी निघताना आम्ही वह्या अदलाबदल करायचो. तो माझं पान बोट ठेवून वाचायचा. माझी एकदा शून्याची चूक त्यानं धरली होती. मी त्याच्या पानावर बॅग खांद्याला लावून, उभ्या उभ्या सही करायचो. वाचणं मला अपमानाचं वाटायचं. दोस्ताचं काय वाचायचं?

पुढचे तीन आठवडे म्हणजे माझं राज्य. ग्राफवर ग्राफ. दोस्त रोज विचारायचा, "कसं चाललंय?" मी दाखवायचो. एकदा त्यानंच माझा ग्राफ मोठ्या कागदावर छापून आणला आणि म्हणाला, "लेका, हाच पाहुण्यांना दाखव. यापेक्षा सुंदर चढ नाही मिळायचा." मला भरून आलं. त्या दिवशी त्याला मी घेवडा सगळा दिला.

खरं सांगायचं तर मीही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. त्याच आठवड्यात तो रजेवर असताना मी तो ग्राफ घेऊन एकटाच मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन आलो होतो. त्याला सांगितलं नाही. आपल्यात काही नको, असं तो म्हणाला होता. म्हणून सांगितलं नाही.

पाहुणे आले. मॅडम, दोन पाहुणे, दोस्त आणि प्रोजेक्टरच्या पडद्याजवळ मी, इस्त्रीच्या शर्टात. मी बोललो, छान बोललो. काळं खळं भरतानाची फिल्म दाखवली. एक पाहुणा खुर्चीत पुढं झुकला. मॅडमच्या हातातल्या पेनाचं टोपण उघडं होतं, हे मी बघितलं.

तेवढ्यात मागून दोस्ताचा आवाज आला. शांत, अगदी नम्र. "एक विचारू? रिकाम्या पडद्याचं खळं भरतं का?"

मी म्हणालो, "रिकाम्या पडद्याला चमकच नाही, तर भरणार काय?"

"आहे," तो म्हणाला. उठला, त्याची नोंदवही मॅडमपुढं उघडून ठेवली. "मी तीन आठवड्यांपूर्वी बघितलंय. पेप्टाइड नाही, तरी पडदा हिरवा, आणि खळं भरतं. दुसऱ्या बाटलीतली चरबी घेतली की पडदा काळा. त्या पडद्यात पेप्टाइड घातलं तर खळं भरत नाही. बाटलीत काहीतरी मिसळलंय."

मी म्हणालो, "मला हे कुणी सांगितलं नाही."

मॅडमनी वही माझ्याकडं फिरवली. पानाच्या तळाला, वाचले व समजले, त्याच्याखाली माझी सही. मोठी, लपेटदार, खाली दोन टिंबं. "ही तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

माझीच होती. एक पान नव्हतं ते. सलग चार पानं होती. चारही ठिकाणी मी वाचलं होतं आणि मला समजलं होतं.

मॅडमनी टोपण बंद केलं.

बाकीचं थोडक्यात. हळद क्लोरोफॉर्ममध्ये मजेत विरघळते. बाटलीच्या गळ्यावरून ओघळ आत गेला असणार. पाण्यात हळद जवळजवळ चमकत नाही, चरबीत शिरली की हिरवी चमकते, आणि चरबीत ती हवी तशी सरकते. तपकिरी काच, मुळात पिवळट चरबी, बाहेरून कळायचं काही कारणच नव्हतं. मी तीन आठवडे पेप्टाइडचं नव्हे, माझ्याच पूजेचं सरकणं मोजत होतो. आणि ते बिचारं बेडकाचं पेप्टाइड? ते पहिल्या दिवसापासून जागच्या जागी चिकटून बसलेलं होतं. त्यानं मला एकदाही खोटं सांगितलं नाही. त्या खोलीतलं तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी खालचं लेथ सुरू झालं, आणि आम्ही सवयीनं डबे घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलो. कुणीच डबा उघडला नाही.

"तुला तीन आठवडे ठाऊक होतं," मी म्हणालो.

"लिहून दिलं होतं ना."

"लिहून! इथं, या पायरीवर बसून सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"मग?"

त्यानं डब्याची कडी उघडली, बंद केली. "तू वाचत नाहीस हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "वाचलं असतंस, तर सांगितल्यासारखं झालं असतं. नाही वाचलंस, तर..."

"तर काय?"

"जागा एकच होती, भावा. आणि तू मॅडमकडं एकटा गेलास ते मला कळलं होतं."

"ते नंतरचं. तू पहिलं पान लिहिलंस तेव्हा मी गेलो नव्हतो."

त्यानं डबा तसाच पिशवीत घातला. तेवढंच उत्तर मला त्याच्याकडून मिळालं. तो काहीतरी खोटंनाटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं.

त्या तीन आठवड्यांत तो माझ्याशी जे जे बोलला होता, ते मी नंतर एकेक वाक्य काढून धुऊन बघितलं, मावशी फ्लास्क धुते तसं. 'कसं चाललंय?' लाल झालं. 'हाच पाहुण्यांना दाखव.' लाल झालं. घेवड्याचं कौतुक केलं होतं, तेसुद्धा लाल. आठ वर्षांतलं मागचंही धुवायला घेतलं होतं, पण मग थांबलो. सगळंच लाल निघालं असतं तर मी घरी बायकोला काय सांगितलं असतं?

आमच्या धंद्यात नवखा माणूस एक चूक हमखास करतो. पडद्यात दोन प्रथिनं एकाच ठिपक्यात दिसली की म्हणतो, जोडी आहे. आम्ही त्याला शिकवतो की बाबा, शेजारी दिसणं म्हणजे जोडी नव्हे. एक सरकलं की दुसरं बरोबर सरकतं का, ते बघ. हे मी कितीतरी जणांना शिकवलंय, खडू हातात घेऊन.

मी तळोज्याला सरकलो. तो पावण्यातच राहिला.

शेवटच्या दिवशी माझं सामान म्हणजे एक मग, दोन चपला आणि बापाचा तो हूक, जो मी खणात ठेवायचो. दोस्त त्या दिवशी कामानिमित्त बाहेर होता, किंवा बाहेर होता असं मला सांगण्यात आलं. मोरीत मावशी फ्लास्क घासत होती. मी दारात उभा राहिलो. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि तिथं तीच होती.

"चाललो मावशी."

"कलला मला. तलोजाला ना?"

"हो." मग राहवेना. "आठ वर्षं एका पायरीवर बसून जेवलो, मावशी. त्याला सगळं माहीत होतं. एका शब्दानं मला सांगितलं नाही. या अख्ख्या मजल्यावर मला सांगणारं एक माणूस निघालं नाही."

तिनं नळ बंद केला. फ्लास्क उलटा करून फडक्यावर ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट वळून बघितलं.

"मी तं सांगतला व्हता ना, सर," ती म्हणाली. "तुमी मलाच शिकवत बसलाव."